बर्मा टीकचा जुना साठा युरोपच्या ऑर्डरला चालेल का? निर्बंध, पैसे आणि कागद

कुंडई_रंधा यांचा प्रश्न

नमस्कार. गोव्यातल्या आमच्या कारखान्याला इटलीतल्या एका यॉट-दुरुस्ती यार्डाकडून तयार डेक-पॅनेलची ऑर्डर आहे. एकूण १२० चौरस मीटर, जाडी १२ मिलिमीटर, पट्टी ४५ मिलिमीटर रुंद, सगळी उभ्या रेषेची (क्वार्टर-सॉन). पैसे युरोत, माल न्हावा शेवाहून कंटेनरने. ऑर्डरमध्ये फक्त 'टीक' लिहिले आहे, देश लिहिलेला नाही.

गांधीधामच्या एका साठेदाराकडे बर्मा टीकचे, म्हणजे म्यानमारच्या सागाचे, चिरीव लाकूड आहे. त्याचे म्हणणे असे, की माल २०१९ मध्ये उतरला, म्हणजे म्यानमारवरच्या २०२१ च्या निर्बंधांच्या आधीचा. शिवाय तिकडचा विक्रेता खाजगी कंपनी होती, लष्कराशी तिचा संबंध नव्हता. पुरावा म्हणून बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम-नोंदीची) एक झेरॉक्स आली आहे. दुसऱ्या बाजूने ग्राहकाच्या वकिलाने घोषणापत्र पाठवले आहे: लाकूड, किंवा त्याचा मोबदला, म्यानमारमधल्या कुठल्याही सूचीबद्ध (निर्बंधांच्या यादीतल्या) संस्थेशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जोडलेला नाही, अशी सही हवी.

भारतात बर्मा टीक आणायला बंदी नाही. मग आपल्यावर नेमका कुणाचा कायदा चालतो? जुना साठा सिद्ध करायला काय काय लागते? बँक कुठे अडवते? आणि बर्मा टीक सोडून दुसरा साग घेतला तर लाकडाचा हिशेब कसा बसेल?


वास्को_कस्टम

साठेदाराचे दुसरे वाक्य आधी तपासू, घोळ तिथेच आहे. 'विक्रेता खाजगी कंपनी होती' याने काहीच सिद्ध होत नाही. म्यानमारच्या जंगलातले सागाचे प्रत्येक झाड सरकारच्या मालकीचे असते. त्याची तोड आणि पहिली विक्री म्यान्मा टिंबर एंटरप्राइझ हा सरकारी उपक्रम करतो, मुख्यतः यांगूनच्या लिलावातून. १ एप्रिल २०१४ पासून तिथून ओंडके बाहेर पाठवायला बंदी आहे. म्हणून खाजगी गिरण्या लिलावात ओंडके घेतात, चिरतात आणि निर्यातदार म्हणून स्वतःचे नाव लावतात. तुमच्या कागदावर खाजगी नाव येते ते या वाटेने, पण ओंडक्याचे पैसे आधीच सरकारी उपक्रमात जमा झालेले असतात. तिथले जंगलातले सागवान कायदेशीर असेल तर ते त्या उपक्रमाकडूनच आलेले असणार, आणि त्याच्याकडून आलेले नसेल तर ते चोरीचे. तिसरी शक्यता सांगणारा साठेदार भेटला तर त्याच्याकडून ती लेखी घ्या.

आता तारखा. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. अमेरिकेने १० फेब्रुवारीला अध्यक्षीय आदेश १४०१४ काढला आणि २१ एप्रिल २०२१ ला टिंबर एंटरप्राइझचे नाव यादीत घातले. युरोपीय संघ आणि ब्रिटनने २१ जून २०२१ ला. युरोपचा मूळ नियम ४०१/२०१३ क्रमांकाचा आहे. त्यात दोन गोष्टी आहेत: सूचीबद्ध संस्थेची मालमत्ता गोठवायची, आणि तिला पैसा किंवा आर्थिक साधन 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' मिळू द्यायचे नाही. 'अप्रत्यक्ष' या एका शब्दात गिरणी, दलाल आणि गांधीधामचा साठेदार सगळे येतात.

तुमच्यावर कुणाचा कायदा? भारत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध १९४७ च्या कायद्याखाली लागू करतो, इतर देशांचे एकतर्फी निर्बंध नाही. सुरक्षा परिषदेने म्यानमारशी व्यापार बंद केलेला नाही. डिसेंबर २०२२ चा ठराव २६६९ हिंसा थांबवा, कैद्यांना सोडा एवढेच म्हणतो, आणि त्यावर भारत तटस्थ राहिला होता. त्यामुळे बर्मा टीक भारतात आणणे आणि इथेच फर्निचरला वापरणे गुन्हा नाही. पण तुमचा ग्राहक इटलीत आहे, त्याच्यावर युरोपचा कायदा थेट चालतो, आणि तोच कायदा घोषणापत्राच्या रूपाने तुमच्या करारात येऊन बसतो. खोटी सही दिलीत तर माल परत, नुकसानभरपाई, आणि त्या बाजारात पुढे नाव चालणार नाही.

जुन्या साठ्याबद्दल. मनाई पैसे पोहोचवण्यावर आहे. २१ जून २०२१ च्या आधी पूर्ण पैसे चुकते झाले असतील तर ती खरेदी निर्बंध मोडत नाही. पण हे दाखवण्याची जबाबदारी माल घेणाऱ्यावर आहे, म्हणून तो तुमच्याकडून साखळी मागणार: लिलावाचे बीजक आणि लाट (लॉट) क्रमांक, गिरणीचा चिराईचा हिशेब, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल-पावती), बिल ऑफ एंट्री, पैसे गेल्याचा बँकेचा संदेश तारखेसह, आणि त्या दिवसापासून आजपर्यंतची साठा-वही. आसियान करारातली जकात-सवलत घेतली असेल तर मूळ-देशाचे 'फॉर्म एआय' प्रमाणपत्रही असायला हवे, त्यावर निर्यातदाराचे नाव असते.

साठा-वही सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी देत नाही. एकाच बिल ऑफ एंट्रीची झेरॉक्स दाखवून वर्षानुवर्षे नवा माल विकला जाऊ शकतो. ४० घनमीटर उतरले आणि विक्रीची बिले ९० घनमीटरची, असे दिसले की बोलणे तिथेच संपवा. बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर हातात असेल तर ती खरी आहे का हे आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिच्यात मूळ देश आणि पाठवणारा देश असे दोन वेगळे रकाने असतात, दोन्ही वाचा. पाठवणारा देश सिंगापूर किंवा मलेशिया असला तरी मूळ देश म्यानमार राहू शकतो.

एवढे सगळे जमले तरी माझा सल्ला: हे लाकूड या ऑर्डरला घेऊ नका. युरोपचा लाकूड-नियम ९९५/२०१० निर्बंधांपेक्षा जुना आहे, आणि २०१६ मध्येच स्वीडनच्या न्यायालयाने म्यानमारचे सरकारी कागद कायदेशीर तोड सिद्ध करायला पुरेसे नाहीत असा निकाल दिला होता. ब्रिटनमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका यॉट-बांधणी कंपनीला म्यानमारच्या सागासह इतर लाकडाच्या आयातीत अशी तपासणी न केल्याबद्दल एकूण साडेतीन लाख पौंडांहून अधिक भरावे लागले. तुमचा ग्राहक यॉटवालाच आहे, त्याच्या वकिलाने ही बातमी वाचलेली असणार.


पर्वरी_ट्रेझरी

बँकेपुरते लिहितो.

बँकेत तीन गाळण्या असतात: नाव, देश, माल. नावाच्या गाळणीत एक बारीक गोष्ट आहे. उपक्रमाचे अधिकृत नाव 'म्यान्मा' असे आहे, शेवटचा 'र' नाही. तुम्ही स्वतः यादी तपासताना 'म्यानमार' टाकून शोधले तर नोंद सापडेलच असे नाही. 'म्यान्मा', 'म्यानमार' आणि 'एमटीई' अशी तिन्ही रूपे टाकून बघा, आणि ज्या दिवशी तपासले त्या दिवसाच्या पानाची प्रत फाइलला लावा. याद्या बदलतात. युरोप आपली मुदत दर वर्षी एप्रिलअखेर वाढवतो. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये म्यानमारशी संबंधित काही नावे उतरवली, त्यात टिंबर एंटरप्राइझ नव्हते. म्हणून एकदा ऑर्डर घेताना आणि एकदा माल निघताना, अशी दोनदा तपासणी हवी.

मालकीचा नियम दोन्हीकडे थोडा वेगळा आहे. अमेरिकेत सूचीबद्ध लोकांचा एकत्रित हिस्सा ५० टक्के किंवा जास्त झाला की ती कंपनीही गोठलेली धरली जाते, तिचे नाव यादीत नसले तरी. युरोपात ५० टक्के किंवा जास्त मालकी, किंवा मालकी कमी असूनही प्रत्यक्ष ताबा असला तरी.

देशाच्या गाळणीत म्यानमारची अडचण वेगळी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो एफएटीएफ या काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या काळ्या यादीत, इराण आणि उत्तर कोरियाच्या रांगेत आहे. त्यामुळे कागदावर यांगून दिसले की माणूस बसवून फाइल वाचली जाते. जून २०२३ मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या दोन सरकारी परकीय-व्यापार बँकाही यादीत घातल्या, तेव्हापासून तिकडचा डॉलरचा रस्ता आणखी अरुंद झाला.

तुमचे पैसे युरोत आहेत, म्हणजे युरोपीय बँक बघणार. डॉलरमध्ये असते तर न्यूयॉर्कच्या मध्यस्थ बँकेतून गेले असते आणि अमेरिकेचा कायदा लागला असता. तिथे अमेरिकी बँकेला नियम मोडायला भाग पाडणारा परदेशी माणूसही दंडाला पात्र ठरतो. अडकलेल्या पैशाचेही दोन प्रकार आहेत. 'नाकारले' म्हणजे पैसे परत येतात. 'गोठवले' म्हणजे ते वेगळ्या खात्यात जातात आणि अमेरिकी अर्थखात्याचा परवाना मिळेपर्यंत तिथेच राहतात. छोट्या कारखान्याचे एका ऑर्डरचे पैसे असे अडकले तर पगार थांबतात. यादीशी संबंध नसलेल्या माणसांना झळ बसते ती इथे.

सगळ्यात जास्त वेळा काय चुकते ते सांगतो. आपल्याकडे चांगल्या प्रतीच्या सागाला सवयीने 'बर्मा टीक' म्हणतात. लाकूड घानाचे असो की बल्लारपूरचे, बिलावर 'बर्मा टीक फिनिश' लिहून मोकळे होतात. बँकेचे संगणक तो शब्द पकडतात आणि स्वच्छ माल अडकतो. बीजक, पॅकिंग लिस्ट, ईमेलचा विषय, कुठेही हा शब्द प्रतीचे नाव म्हणून वापरू नका. लिहायचे असे: 'साग, टेक्टोना ग्रँडिस, मूळ देश अमुक, लाट क्रमांक अमुक'.

कागद किती वर्षे ठेवायचे? अमेरिकेने १२ मार्च २०२५ पासून पाचाऐवजी दहा वर्षे केली आहेत. आज युरोत काम असले तरी दहाच धरा.


म्हापसा_बाजार

हे सगळे ठीक, पण ज्या निर्बंधांना आपला देश मानत नाही ते आपल्या मेस्तांनी (सुतारांनी) का पाळायचे? आणि असल्या निर्बंधांनी कुठले सरकार पडले आजवर? थायलंड, चीन घेतातच आहेत. सोसायचे फक्त छोट्यांनी.


पेडणे_इतिहास

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गोव्यात बसून जास्त चांगले देता येते.

भारताने स्वतः हे हत्यार वापरले आहे. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, साल १९४६, स्वातंत्र्याच्या आधीच. अमेरिकेच्या संसदेने तसाच कायदा अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून केला तो १९८६ मध्ये, चाळीस वर्षांनी. म्हणजे 'परक्या सरकारच्या अत्याचारावर व्यापाराने बोलणे' ही कल्पना आपल्याला परकी नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच दारातले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर भारताने सीमा बंद केल्या, मुरगावची रेल्वे थांबली, मुंबईत नोकरी करणाऱ्यांना घरी पैसे पाठवणे अवघड झाले. परिणाम काय झाला? बटाटे हॉलंडहून येऊ लागले, आणि लोह खनिज जपान आणि पश्चिम जर्मनीकडे जोरात जात राहिले. नाकेबंदीचा चिमटा बसला तो घरच्या चुलीला. खनिजाचा पैसा चालू होता तोवर लिस्बनला सालाझारच्या सरकारला तो पुरेसा टोचला नाही, आणि शेवट १९ डिसेंबर १९६१ ला लष्करी कारवाईने झाला. इराकवर ऑगस्ट १९९० मध्ये लावलेल्या सर्वंकष निर्बंधांत हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली, सामान्य माणसांचे इतके हाल झाले की नंतर 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजना आणावी लागली.

त्यातून जग एक गोष्ट शिकले: पूर्ण देशाचा बाजार बंद करण्यापेक्षा सत्ताधाऱ्यांच्या तिजोरीत जाणारा विशिष्ट पैसा शोधून तो अडवायचा. म्यानमारचे निर्बंध या दुसऱ्या प्रकारचे आहेत. तांदूळ, डाळ, औषध यांवर सरसकट बंदी नाही. आपल्याकडे येणारी तिकडची तूर आणि उडीद कुणी थांबवलेली नाही. नावे आहेत ती लष्कराच्या दोन बड्या समूहांची, रत्नांच्या, मोत्यांच्या, सागाच्या उपक्रमांची. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने लष्कराच्या उद्योगांवर वेगळा अहवाल दिला होता. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना ज्या लष्कराने देशाबाहेर हाकलले, त्याला संसदेच्या अंदाजपत्रकाबाहेरून पैसा कुठून मिळतो हे त्यात मांडले होते. टिंबर एंटरप्राइझचे नाव यादीत आले ते सत्तापालटानंतर, जेव्हा सरकारी उपक्रमांच्या चाव्याही थेट लष्कराकडे गेल्या.

परिणामाबद्दल तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. सागापेक्षा नैसर्गिक वायूचा पैसा कितीतरी मोठा आहे. युरोपने तिथल्या तेल-वायू उपक्रमाला फेब्रुवारी २०२२ मध्ये यादीत घातले. अमेरिकेने पूर्ण यादीत न घालता डिसेंबर २०२३ पासून फक्त वित्तीय सेवा बंद केल्या. वायू विकत घेणारे थायलंड आणि चीन, ते घेतच आहेत. हे छिद्र मोठे आहे आणि त्याबद्दल राग यायलाच हवा. पण त्यावरून 'मग सागही घ्या' असा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या लिलावाचा पैसा गावांवर विमानातून बॉम्ब टाकणाऱ्यांकडे जातो, त्या लिलावातला ओंडका आपण रंधत आहोत हे माहीत असताना तो नाकारणे, हे गोव्यातल्या माणसाला सांगावे लागू नये. आपल्या सत्याग्रहींच्या वेळी जगातल्या किती व्यापाऱ्यांनी 'आमचा देश मानत नाही' म्हणत मुरगावचे खनिज उचलले, याची आठवण ठेवू या.


हातकरवत

लाकडाच्या हिशेबाचे मी सांगतो, रंधाभाऊंचा तो प्रश्न अजून तसाच आहे.

१२० चौरस मीटर गुणिले १२ मिलिमीटर म्हणजे तयार लाकूड १.४४ घनमीटर. उभ्या रेषेची पट्टी, सॅपवूड (सालीलगतचे कच्चे लाकूड) पूर्ण बाद, गाठी बाद, करवतीची धूळ आणि रंधा धरला तर चिरीव लाकडातून निम्म्याच्या आसपास हाती येते, म्हणजे चिरीव सुमारे ३ घनमीटर. ओंडक्यातून चिरीव पुन्हा निम्म्याच्या आसपास, म्हणजे ओंडके सुमारे ६ घनमीटर. ग्राहकाचा तपासनीस हाच गुणाकार उलटा करतो. ४ घनमीटर ओंडक्याच्या टीपीवर (वाहतूक परवान्यावर) १.४४ घनमीटर उभ्या रेषेचे डेक निघाले असे तुम्ही दाखवले, तर बाकीचे लाकूड कुठून आले हा पहिला प्रश्न येईल.

इथे मापाची एक फसगत आहे. ओंडके आपल्याकडे चतुर्थांश-घेर पद्धतीने मोजतात, ज्याला हॉपस म्हणतात. त्या मापाने ओंडक्याचे घनफळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी दिसते. एक हॉपस घनफूट म्हणजे १.२७३ खरे घनफूट. ६ घनमीटर खऱ्या मापाने २१२ घनफूट होतात, हॉपसने १६६. टीपीवर एक माप, चिराईच्या वहीत दुसरे आणि निर्यात-कागदावर घनमीटर, असे झाले की प्रामाणिक माणसाचाही हिशेब जुळत नाही. प्रत्येक आकड्यापुढे कुठले माप ते लिहा.

आता लाकूड कुठले. तुमच्यासमोर दोन वाटा आहेत.

पहिली, सीपी टीक: आलापल्ली, बल्लारपूर भागातला साग, वन विभाग किंवा वनविकास महामंडळाच्या आगारातून लिलावाने. रेघ चांगली, तेल चांगले, पण काळसर पट्टे जास्त आणि लांबी कमी मिळते. डेकला ३ मीटरच्या सलग पट्ट्यांचा हट्ट असेल तर त्रास होईल. यार्डाकडून १.८ ते २.४ मीटरच्या पट्ट्या आणि विटांसारखे सरकते सांधे लेखी मंजूर करून घ्या. आगाराचा विक्री आदेश, लाट क्रमांक, ओंडक्यावरच्या हातोडा-छापाचा फोटो आणि वाहतूक परवाना, एवढी साखळी सरकारी असल्यामुळे ग्राहकाला पटते. २०२३ च्या अखेरीपासून परवाना राष्ट्रीय ऑनलाइन पद्धतीतून निघू शकतो, त्यावरचा क्यूआर कोड इटलीतूनही वाचता येतो. महाराष्ट्रातून गोव्याच्या चेकनाक्यावर येताना गाडीतले नग आणि परवान्यावरचे नग एकच असू द्या. एक ओंडका कापून दोन केले तर तिथे गाडी थांबते.

दुसरी, लागवडीचा साग: इक्वेडोर, कोस्टा रिका, घाना वगैरे. एफएससी या जबाबदार वनव्यवस्थापनाच्या प्रमाणपत्रासह मिळतो, लांबीही मिळते. पण झाड बहुधा १५ ते २५ वर्षांचे, रिंगा रुंद, सॅपवूड भरपूर. युरोपच्या टिकाऊपणाच्या मानकात जंगलातला आशियाई साग पहिल्या वर्गात येतो आणि लागवडीचा पहिल्या ते तिसऱ्या वर्गात कुठेही. डेकवर खारे पाणी आणि ऊन असते. घ्यायचाच तर प्रत्येक खेपेतून नमुने चिरून सॅपवूड बघा. पिवळट कडा राहिलेली पट्टी दोन पावसाळ्यांत काळी पडते.

'वास आणि रंगावरून बर्मा ओळखतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा जात कळते, देश कळत नाही. देशासाठी डीएनए किंवा समस्थानिकांची चाचणी लागते, आणि तीही त्या भागातल्या संदर्भ-नमुन्यांशी ताडूनच. सागाला साइटिसचा (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागत नाही, कारण तो त्या यादीत नाही. ग्राहकाने मागितला तर हे शांतपणे कळवा, शिसवीमुळे लोकांचा असा घोळ होतो.


कुंडई_रंधा

सगळ्यांना देव बरें करूं. सीपी टीककडे वळतो आहे, यार्डाला सांध्यांचे विचारले आहे.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. साठेदाराला नाही कळवले तर त्याने नवा मार्ग सुचवला: तोच माल दुबईला जाईल, तिथे पट्ट्या रंधून मूळ देश अमिराती असे प्रमाणपत्र मिळेल, मग दुबईहून थेट इटली. आपल्या कागदावर बर्मा येणारच नाही. याचे नेमके काय होते? शेजारच्या दोन कारखान्यांना तो हेच सांगतो आहे. आणि घोषणापत्रातल्या 'अप्रत्यक्ष' शब्दावर सीपी टीकसाठी सही करायला हरकत नाही ना?


वास्को_कस्टम

दुबईचा मार्ग म्हणजे निर्बंध चुकवणे, आणि युरोपच्या नियमात जाणूनबुजून चुकवण्यात भाग घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी ज्याच्याकडे निदान 'माहीत नव्हते' म्हणायला जागा होती, त्याची ती जागा या मार्गाने जाते, कारण दुबईला नेण्याचे दुसरे काही कारणच दाखवता येत नाही. पट्ट्या रंधल्याने जकातीपुरता मूळ देश बदलेल की नाही हा वादाचा विषय, पण लाकूड कुठल्या जंगलात तोडले हा प्रश्न बदलत नाही. युरोपचा लाकूड-नियम तोडीचा देश विचारतो, शेवटच्या कारखान्याचा नाही. जंगलतोडीवरचा नवा नियम २०२३/१११५ लागू झाल्यावर तोडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश मागितले जातील. त्याची तारीख दोनदा पुढे गेली आहे, पण दिशा ठरलेली आहे. दुबईतल्या वाळूत सागाचे जंगल दाखवता येणार नाही. शेजारच्या कारखान्यांना हे वाचायला द्या, आणि साठेदाराचा तो ईमेल पुसू नका, उत्तरात स्पष्ट नकार लिहून ठेवा.

घोषणापत्रावर सीपी टीकसाठी सही करा, पण मजकूर तुमच्या माहितीएवढाच ठेवा. 'आमच्या पुरवठा साखळीत कधीही, कुठेही' अशी वाक्ये काढून घ्या. त्याऐवजी: 'या ऑर्डरमधले लाकूड सोबत जोडलेल्या अमुक लाटांमधून, अमुक आगारातून घेतले आहे, आम्ही अमुक तारखेला अमुक याद्या तपासल्या आहेत.' कारखान्यात पूर्वीचा बर्मा टीकचा उरलेला माल असेल तर तो वेगळ्या खोलीत, रंगाची खूण करून ठेवा आणि त्याची वेगळी नोंद करा. एक पट्टी जरी चुकून मिसळली तरी घोषणापत्र खोटे ठरते.

कस्टमचे एक राहिले. तुमचा माल कस्टमच्या वर्गवारीत चिरीव लाकूड म्हणून ४४०७ मध्ये जातो, खाच-जीभ केलेली पट्टी म्हणून ४४०९ मध्ये, की जोडलेले पॅनेल म्हणून ४४१८ मध्ये, हे ब्रोकरकडून लाकूड विकत घेण्याच्या आधी लेखी घ्या. निर्यात धोरणात चिरीव लाकडाला आणि तयार वस्तूला वेगळे नियम आहेत, आणि देशी सागाला हा फरक जास्त जाणवतो.


वेर्णा_फार्मा

थोडा वेगळा प्रश्न, पण मुळाशी तोच. आमच्याकडून म्यानमारला प्रतिजैविके जातात. औषधांना सूट आहे असे सगळे म्हणतात, तरी बँक नकार देते.


पर्वरी_ट्रेझरी

सूट खरी आहे. अमेरिकेच्या म्यानमार कार्यक्रमात मदतकार्यासाठी सर्वसाधारण परवाने आहेत, आणि डिसेंबर २०२२ च्या सुरक्षा परिषद ठराव २६६४ ने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता-गोठवणीत मानवी मदतीला सरसकट मोकळीक दिली. बँक नाकारते ती कायद्यामुळे नव्हे, फाइल तपासायचा खर्च आणि धोका नको म्हणून. हे चूक आहे, याने दवाखान्यात पडलेल्या माणसाची औषधे अडतात आणि लष्कराचे काहीच बिघडत नाही.

करता येण्यासारखे हे: घेणाऱ्या वितरकाची मालकी शेवटच्या माणसापर्यंत लिहून द्या, औषध शेवटी कुठल्या रुग्णालयांत जाणार त्यांची यादी द्या (लष्करी रुग्णालय असेल तर ते लपवू नका, वेगळे दाखवा), पैसे कुठल्या बँकेतून येणार ते आधी कळवा, आणि हे सगळे माल निघण्याच्या आधी बँकेच्या अनुपालन विभागाकडून ईमेलवर मंजूर करून घ्या. शाखेतला होकार पुरत नाही. एक बँक नाही म्हणाली तर तिच्याकडून कारण लेखी मागा. कारण लिहायची वेळ आली की फाइल वरच्या टेबलावर जाते.


हातकरवत

रंधाभाऊ, यार्डाचा होकार आला की लिलावाच्या आधी एवढे ठरवा. डेकसाठी ओलावा १० ते १२ टक्के हवा. सीपी टीक पावसाळ्यानंतर घेतला तर भट्टीशिवाय तिथवर येणार नाही, म्हणून भट्टीचा वेळ डिलिव्हरीत धरा. चिकटवण्याच्या आधी पट्टी ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावा, रात्रभर ठेवलीत तर तेल पुन्हा वर येते आणि सांधा सुटतो. पॅलेट साध्या लाकडाचे असतील तर ५६ अंशावर ३० मिनिटे तापवलेले आणि शिक्का मारलेले घ्या. सागाचे सगळे कागद बरोबर असूनही पॅलेटवर शिक्का नाही म्हणून तिकडच्या बंदरात कंटेनर अडकतो.